ट्रामच्या वाटेवरची जत्रा : ग्लेन एको पार्कची गोष्ट



आजचा विषय आहे ट्रॉली पार्क. ट्रॉली म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली येते, नाहीतर विमानतळावर सामान ढकलायची गाडी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत मात्र ट्रॉली म्हणजे विजेची ट्राम. डोक्यावरच्या तारेला टेकलेला दांडा, त्यातून येणारी वीज आणि रुळांवरून धावणारा डबा. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. आपल्यातल्या काही ज्येष्ठांनी तिच्यातून प्रवासही केला असेल. म्हणजे गाडी आपल्या ओळखीची आहे. ओळखीची नाही ती पुढची गोष्ट. अमेरिकेत ट्राम चालवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या मार्गांवर करमणुकीच्या बागा काढल्या, आणि एका पिढीचा उन्हाळा त्या बागांमध्ये गेला. त्या बागांना ट्रॉली पार्क म्हणत.

अशी पार्क त्या देशात शेकड्यांनी होती. आज आपण त्यांतलं एकच नीट बघणार आहोत : वॉशिंग्टन शहराबाहेर, मेरीलँड राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठावरचं ग्लेन एको. एकच निवडलं, कारण या एका जागेच्या इतिहासात एक साधा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. 'सर्वांसाठी खुले' अशी पाटी एखाद्या जागेवर लागते, तेव्हा त्यातले 'सर्व' कोण, हे ठरवतं कोण?

आधी व्यवहार समजून घेऊ. विजेवर चालणाऱ्या ट्रामचं पहिलं मोठं यश १८८८ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात दिसलं. फ्रँक स्प्रेग नावाच्या अभियंत्याने तिथे चढउतारांच्या रस्त्यांवर एक अख्खी ट्रामव्यवस्था विजेवर चालवून दाखवली. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत घोड्यांच्या ट्राम भराभर मागे पडल्या आणि शहरोशहरी ट्राम कंपन्या निघाल्या.

समजा, आपणच अशी एक कंपनी काढली आहे. रूळ टाकले, वीजघर उभारलं, डबे घेतले, चालक-वाहक नेमले. सोमवार ते शनिवार सकाळ-संध्याकाळ गाड्या भरून जातात, कारण लोकांना कारखान्यात आणि कचेरीत जायचं असतं. मग येतो रविवार. वीजघर तेवढंच मोठं, रूळ तेवढेच लांब, कर्जाचं व्याज तेवढंच, आणि डबे मोकळे. उन्हाळ्यातल्या संध्याकाळीही तेच. आता या मोकळ्या डब्यांत माणसं बसवायची कशी? लोकांना कुठे जायचं नसेल, तर जाण्यासारखं ठिकाण आपणच तयार करायचं. शहराच्या कडेला, जिथे जमीन स्वस्त आहे आणि थोडी झाडी, थोडं पाणी आहे, तिथे एक बाग करायची. बागेत शिरायला बहुधा पैसे घ्यायचे नाहीत. पैसे येतात ट्रामच्या तिकिटातून, जाताना पाच सेंट आणि येताना पाच सेंट. आणि तिकीट काढणारा एकटा येत नाही, बायको-मुलांना घेऊन येतो.

हे गणित त्या काळात फार जणांना पटलं. फिलाडेल्फियाजवळ १८९६ साली विलो ग्रोव्ह निघालं. बँडसंगीतासाठी ते इतकं गाजलं की जॉन फिलिप सूझासारखा देशातला सर्वांत नावाजलेला बँडमास्तर तिथे अनेक वर्षं उन्हाळ्यात मुक्काम ठोकून असे. पिट्सबर्गजवळ १८९८ साली मोनोंगाहेला स्ट्रीट रेल्वे या कंपनीने केनी नावाच्या शेतकऱ्याची राई भाड्याने घेऊन केनीवूड उभं केलं. सुरुवातीला या बागांमध्ये बाकडी, बँडसाठी मांडव, नावेतून फिरायला तळं, नाचायला लाकडी फरशी एवढंच असे. मग मेरी-गो-राउंड आलं, रोलर कोस्टर आला. आता रोलर कोस्टरकडे जरा बघा. रूळ, डबे, चढ, उतार. जो माणूस आठवडाभर ट्रामने कामावर गेला, तो रविवारी पुन्हा ट्रामने बागेत गेला आणि तिथे आणखी एका रुळावरच्या डब्यात बसला. फरक इतकाच की हा डबा त्याला कुठेच नेत नव्हता, आणि त्यासाठीच तो हौसेने पैसे देत होता.

आणि दिवे! आज आपल्याला याचं काही वाटणार नाही. पण १९०० च्या सुमारास बहुतेक घरांमध्ये विजेचा दिवा नव्हता. ट्राम कंपनीकडे वीज होती. तिने बागेत हजारो दिवे लावले. संध्याकाळी नुसता उजेड बघायला माणसं येत.

आता ग्लेन एकोकडे येऊ. गंमत म्हणजे तिथली सुरुवात पाळण्यांपासून झाली नाही, व्याख्यानांपासून झाली.

एडवर्ड आणि एडविन बाल्ट्झली हे जुळे भाऊ. एडविनने अंडी फेटायचं एक यंत्र शोधलं होतं आणि त्यातून पैसा मिळवला होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस या भावांनी पोटोमॅकच्या काठची जमीन विकत घेतली. इथे बंगल्यांची वसाहत करायची आणि प्लॉट विकायचे, असा बेत. नदीकाठच्या उंच कड्यांमुळे या जागेला ते पोटोमॅकवरचं ऱ्हाइन म्हणत. जाहिरात करायची पद्धत तेव्हाही हीच होती!

प्लॉट विकायचे तर जागेला नाव हवं, प्रतिष्ठा हवी. म्हणून त्यांनी १८९१ साली तिथे 'शटाक्वा' भरवली. हा शब्द आपल्याला अवघड वाटतो, पण कल्पना आपल्या घरचीच आहे. न्यूयॉर्क राज्यात शटाक्वा नावाचं एक सरोवर आहे. तिथे १८७४ साली उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाले. व्याख्यानं, संगीत, धर्मचर्चा, भाषा आणि विज्ञानाचे पाठ, आणि हे सगळं सामान्य कुटुंबांसाठी. त्याचं लोण देशभर पसरलं. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ सालची. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण एकाच दशकात दोन खंडांमध्ये लोकांना वाटलं की शिक्षण शाळेच्या भिंतीबाहेर यायला हवं. आपण आज इथे ऐकत बसलो आहोत तेही त्याच वाटेवर.

ग्लेन एकोच्या शटाक्वासाठी बाल्ट्झली बंधूंनी दगडी इमारती बांधल्या, हजारो माणसं बसतील असं सभागृह उभारलं. क्लारा बार्टन या अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक. त्यांना तिथे जागा देऊन घर बांधून दिलं, कारण त्यांच्या नावाने इतर लोक येतील अशी आशा होती. १८९१ चा उन्हाळा चांगला गेला. त्याच उन्हाळ्यात शिकवायला आलेल्या एका गृहस्थांचा न्यूमोनियाने मृत्यू झाला, आणि नदीकाठी मलेरिया आहे अशी वावडी उठली. शटाक्वाचा दुसरा हंगाम उभाच राहिला नाही. पाठोपाठ १८९३ ची आर्थिक मंदी आली आणि बंगल्यांचं स्वप्न तिथेच बसलं. क्लारा बार्टन मात्र आल्या. १८९७ पासून त्या तिथे राहिल्या, १९०४ पर्यंत रेड क्रॉसचं मुख्य कार्यालय त्यांच्या घरातच होतं, आणि १९१२ साली त्या घरीच त्यांचं निधन झालं.

व्याख्यानं बंद पडली, पण मोकळं सभागृह, बाग आणि जवळून जाणारा ट्रामचा मार्ग शिल्लक होता. एकोणिसावं शतक संपता संपता त्या आवारात करमणुकीची साधनं आली. आणि १९११ साली वॉशिंग्टन रेल्वे अँड इलेक्ट्रिक कंपनीने, म्हणजे ट्राम आणि वीज दोन्ही हातात असलेल्या कंपनीने, ती जागा विकत घेतली. आता ते खऱ्या अर्थाने ट्रॉली पार्क झालं.

तो प्रवासही समजून घेण्यासारखा आहे. वॉशिंग्टनच्या जुन्या शहरात रस्त्यांवर विजेच्या तारा लोंबू देणार नाही, असं अमेरिकेच्या संसदेने ठरवलं होतं. त्यामुळे शहरात ट्रामला वीज मिळे ती रुळांच्या मधल्या फटीतून, जमिनीखालच्या वाहिनीतून. शहराबाहेर पडताना गाडी एका खड्ड्यावर थांबे. खड्ड्यात उभा असलेला कामगार गाडीखालचं वीज घेणारं साधन काढून घेई, आणि वर दांडा तारेला लावला जाई. मग गाडी जॉर्जटाऊन मागे टाकून झाडीतून, नदीच्या कडेकडेने ग्लेन एकोला पोचे. वॉशिंग्टनचा उन्हाळा दमट असतो, आपल्या कोकणासारखा. उघड्या डब्यातला वारा हीच अर्धी सहल होती.

कंपनीने पार्कवर पैसा लावला. १९२१ साली फिलाडेल्फियाच्या डेंट्झेल कंपनीने घडवलेलं मेरी-गो-राउंड तिथे बसवलं गेलं. जर्मनीहून आलेल्या गुस्ताव डेंट्झेलने सुरू केलेली ही कार्यशाळा, लाकडी कोरीव प्राण्यांसाठी प्रसिद्ध. ग्लेन एकोच्या चक्रावर ४० घोडे, ४ ससे, ४ शहामृग, आणि एकेक जिराफ, हरीण, सिंह आणि वाघ. एकूण ५२ प्राणी. १९२३ साली टक्कर देत फिरायच्या छोट्या मोटारींचा मांडव आला. १९३१ साली क्रिस्टल पूल हा तीन हजार माणसं सामावतील एवढा पोहण्याचा तलाव झाला, त्याला वाळूचा किनाराही केला होता. १९३३ साली स्पॅनिश बॉलरूम उभी राहिली. आणि या दोन गोष्टी महामंदीच्या ऐन काळातल्या, हे लक्षात घ्या. तेव्हा देशभर पार्क बंद पडत होती. ग्लेन एको वाचलं, कारण राजधानीत सरकारी नोकऱ्या होत्या, आणि रूझवेल्टच्या काळात त्या वाढल्या. पगार चालू होते.

इथवर ही गोष्ट गोड आहे. वॉशिंग्टनच्या कित्येक घरांत आजही आजी-आजोबा ती अशीच सांगतात. पण शहरातली दुसरी घरंही आहेत.

वॉशिंग्टनच्या ट्राममध्ये कृष्णवर्णीय माणूस कुठेही बसू शकत होता. हा हक्क जुना. यादवी युद्ध संपत असताना, १८६५ साली, संसदेने कायदा करून राजधानीच्या ट्राममधला वर्णभेद बंद केला. तेव्हा ट्राम घोड्यांची होती. कायदा झाला तरी वाहक गाडी थांबवत नसत, म्हणून सोजर्नर ट्रुथसारख्या, गुलामगिरीतून आलेल्या वृद्ध स्त्रीने त्याच वर्षी अडून बसून तो हक्क वापरून दाखवला. पुढे विजेची ट्राम आली तेव्हाही राजधानीत गाडीच्या डब्यात रेषा नव्हती. रेषा होती पार्कच्या दारात. ग्लेन एको फक्त गोऱ्यांसाठी होतं. तसा मेरीलँडचा कायदा नव्हता, ते पार्कचं धोरण होतं. म्हणजे ज्या कंपनीने पाच सेंट सर्वांकडून घेतले, त्याच कंपनीची बाग सर्वांची नव्हती. बॉलरूममध्ये ज्या स्विंग संगीतावर हजारो पावलं नाचत, ते संगीत मुळात घडवलं कृष्णवर्णीय कलावंतांनी. त्यांच्या मुलाबाळांना ते ऐकायला आत येता येत नव्हतं.

मग त्यांनी काय केलं? १९२१ साली, म्हणजे ग्लेन एकोला डेंट्झेलचं चक्र आलं त्याच वर्षी, वॉशिंग्टनच्या डीनवूड भागात सबर्बन गार्डन्स हे पार्क उघडलं. कृष्णवर्णीय उद्योजकांनी आपल्या समाजासाठी काढलेलं. हॉवर्ड वुडसन हा अभियंता त्यामागच्या मंडळींपैकी एक. रोलर कोस्टर, फेरिस व्हील, नाचाची जागा, सगळं होतं. ते १९४० मध्ये बंद झालं. त्यानंतर पुढची वीस वर्षं वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय मुलांनी मेरी-गो-राउंडचं संगीत ऐकलं ते कुंपणाबाहेरून.

दरम्यान ट्रॉली पार्क या कल्पनेचा पायाच हलला होता. मोटारगाडी आली. १९२० च्या दशकापासून लोक स्वतःच्या गाडीने जाऊ लागले, आणि स्वतःची गाडी असलेल्या माणसाला ट्रामच्या रुळावरचंच ठिकाण निवडायची गरज नाही. ट्राम कंपन्यांनी एकामागून एक पार्क विकली. ग्लेन एको ट्राम कंपनीच्या हातून सुटलं ते १९५५ साली, बेकर बंधूंनी ते विकत घेतलं. आणि जानेवारी १९६० मध्ये पार्कपाशी येणारी ट्रामही बंद झाली. पार्क राहिलं, ट्रॉली गेली.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये काय झालं ते बघा. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले होते, आणि त्या एका कृतीने दक्षिणेत रान पेटलं होतं. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी नॉनव्हायोलंट ॲक्शन ग्रुप नावाचा गट केला. नेता लॉरेन्स हेन्री. आधी त्यांनी नदीपलीकडच्या आर्लिंग्टनमधली काउंटर खुली करून घेतली. मग ३० जूनच्या संध्याकाळी ते ग्लेन एकोला आले.

पार्कच्या दाराशी तिकीट लागत नव्हतं. कृष्णवर्णीयांना मनाई अशी पाटीही नव्हती. काही जण आत गेले आणि थेट मेरी-गो-राउंडवर चढून बसले. त्यांच्यासाठी तिकिटं इतरांनी आधीच काढून ठेवली होती. चक्र सुरू झालं नाही. फ्रान्सिस कॉलिन्स हा पहारेकरी आला आणि पार्कचं धोरण सांगून त्यांना पाच मिनिटांत निघून जायला बजावलं. ते लाकडी प्राण्यांवर बसून राहिले. त्याआधी दाराशी त्याने हेन्रीला विचारलं होतं की तू कोणत्या वंशाचा? हेन्री म्हणाला, मी मानववंशाचा. हा संवाद ध्वनिमुद्रित झालेला आहे, आजही ऐकता येतो.

पाच जणांना अटक झाली : विल्यम ग्रिफिन, ग्वेंडोलिन ग्रीन, मार्व्हस सॉन्डर्स, मायकेल प्रॉक्टर आणि सेसिल वॉशिंग्टन. आरोप काय? बेकायदा प्रवेश. मेरी-गो-राउंडवर बसल्याबद्दल फौजदारी गुन्हा.

दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेर धरणं सुरू झालं. पार्कजवळच बॅनकबर्न नावाची एक सहकारी वसाहत होती. तिथे राहणारे बरेच जण कामगार चळवळीतले आणि सरकारी नोकरीतले, त्यांत ज्यू कुटुंबं पुष्कळ. आपल्या घरापासून चालत जायच्या अंतरावर हे चाललं आहे आणि आपण गप्प बसायचं का, असं त्यांना वाटलं. विद्यार्थ्यांबरोबर ते रांगेत उभे राहिले. गोरे आणि काळे, आया आणि लहान मुलं, ऐन उन्हाळ्यात फलक घेऊन चालत होते. समोरच्या बाजूला जॉर्ज लिंकन रॉकवेलच्या अमेरिकन नाझी पक्षाचे लोक प्रतिनिदर्शनं करत होते. नाझी छळ ज्यांच्या आठवणीतला होता अशा ज्यू माणसांना आपल्या वस्तीशेजारी स्वस्तिकाच्या फिती बांधलेली माणसं दिसत होती. हे हंगाम संपेपर्यंत चाललं. मार्च १९६१ मध्ये मालकांनी जाहीर केलं की नव्या हंगामात पार्क सर्वांसाठी खुलं राहील.

खटला मात्र चालूच होता. 'ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड राज्य' या नावाने तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न असा होता : पार्क खाजगी मालकीचं आहे. आपल्या जागेत कोणाला येऊ द्यायचं हे मालक ठरवणार, त्यात सरकारचा काय संबंध? आणि संविधानातलं समतेचं बंधन तर सरकारवर आहे, खाजगी माणसावर नाही.

न्यायालयाने बोट ठेवलं ते त्या पहारेकऱ्यावर. कॉलिन्सचा पगार पार्कने नेमलेल्या खाजगी संस्थेकडून येत होता हे खरं. पण पार्कच्या विनंतीवरूनच माँटगोमेरी काउंटीने त्याला विशेष डेप्युटी शेरीफ नेमलं होतं. त्याच्या छातीवर शेरीफचा बिल्ला होता. त्याने बाहेर जायला सांगितलं, अटक केली, ते त्या बिल्ल्याच्या जोरावर. म्हणजे मालकाचा भेदभाव राज्याच्या हाताने अमलात आला. २२ जून १९६४ रोजी सरन्यायाधीश वॉरन यांनी दिलेल्या निकालाने पाचही जणांवरची शिक्षा रद्द झाली.

हा निकाल नेमका काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे आपण वेगळं करून बघायला हवं. खाजगी मालक भेदभाव करू शकतो की नाही, या मूळ प्रश्नाला न्यायालयाने हात घातला नाही. त्याने एवढंच म्हटलं की सरकारी बिल्ला त्या कामी वापरता येणार नाही. मूळ प्रश्नाचं उत्तर दिलं ते दहा दिवसांनी, २ जुलै १९६४ रोजी सही झालेल्या नागरी हक्क कायद्याने. उपाहारगृहं, हॉटेलं, नाटक-सिनेमाची आणि खेळ-करमणुकीची ठिकाणं, जी लोकांना या म्हणतात, ती वंश बघून कोणाला अडवू शकणार नाहीत.

इथे आपल्याला महाडची आठवण होणं साहजिक आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले. नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव आधीच केलेला होता. तरी पुढे दहा वर्षं न्यायालयात वाद चालला, आणि त्यातही एक मुद्दा हाच होता की हे तळं सार्वजनिक की खाजगी. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो निकाली निघाला. पिण्याचं पाणी आणि मेरी-गो-राउंड या एका तोलाच्या गोष्टी नाहीत. तहान वेगळी आणि हौस वेगळी. पण अडवणाऱ्याची भाषा दोन्हीकडे तीच दिसते : जागा आमची, रीत आमची. आणि दोन्हीकडे माणसांनी उत्तर दिलं ते आधी त्या जागेत पाऊल टाकून, आणि मग कागदावर.

ग्लेन एको खुलं झालं, पण फार काळ टिकलं नाही. मोटारी असलेली गोरी कुटुंबं दूरच्या, नव्या ठिकाणी जाऊ लागली. १९६६ मध्ये ईस्टरनंतरच्या सोमवारी, जो वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय समाजाचा परंपरेने सहलीचा दिवस, पार्क संध्याकाळी लवकर बंद केलं गेलं. हजारो तरुण आलेले, आणि परतायला बस मिळेनात. ट्राम तर सहा वर्षांपूर्वीच गेलेली. कित्येकांना मैलोन् मैल चालत शहरात जावं लागलं, वाटेत तोडफोड झाली, आणि वर्तमानपत्रांत ठळक मथळे आले ते तोडफोडीचे. बघा, ज्या बागेचा जन्मच माणसांना ने-आण करण्यासाठी झाला होता, तिथे माणसं परतायला वाहन नाही म्हणून अडकली. १९६८ चा हंगाम शेवटचा ठरला.

मग मालकांनी सामान विकायला काढलं. मेरी-गो-राउंडही विकलं गेलं. तेव्हा आसपासचे रहिवासी पुढे आले, घरोघरी वर्गणी गोळा केली, आणि सुमारे ८० हजार डॉलर उभे करून ते परत विकत घेतलं. १९७१ पासून जागा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. डेंट्झेलचे ते ५२ प्राणी १९२१ साली बसवले त्याच जागी उन्हाळ्यात आजही फिरतात. स्पॅनिश बॉलरूममध्ये नाच चालतो. शटाक्वाचा दगडी बुरूज उभा आहे, आणि जुन्या इमारतींमध्ये चित्रकला, मातीकाम, संगीताचे वर्ग भरतात. म्हणजे फिरून फिरून जागा पुन्हा शिक्षणाकडे आली.

ग्वेंडोलिन ग्रीन पुढच्या वर्षी फ्रीडम राइडमध्ये गेली आणि मिसिसिपीच्या तुरुंगात राहून आली. पुढे ग्वेंडोलिन ब्रिट या नावाने ती मेरीलँडच्या राज्य सिनेटवर निवडून गेली. ज्या राज्याने तिच्यावर लाकडी प्राण्यावर बसल्याबद्दल खटला भरला होता, त्याचे कायदे करायला ती बसली.

ट्रॉली पार्कपैकी थोडीच आज चालू आहेत. केनीवूड चालू आहे. रॉचेस्टरचं सीब्रीझ चालू आहे. ट्राम मात्र त्यांच्याही दाराशी येत नाही.

तर आपण सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. 'सर्व' कोण, हे ठरवतं कोण? ग्लेन एकोत ते आधी ठरवलं ट्रामच्या हिशोबाने, मग मालकाच्या धोरणाने, मग बिल्लेवाल्या पहारेकऱ्याने. ते बदललं कायद्याने, हे बरोबर आहे. पण कायदा हलला तो पाच जण मेरी-गो-राउंडवरून उतरले नाहीत म्हणून, आणि शेजारच्या वसाहतीतली माणसं उन्हात त्यांच्यासोबत उभी राहिली म्हणून. आपल्या शहरांत आज मॉल आहेत, वॉटर पार्क आहेत, सोसायट्यांच्या आतल्या बागा आहेत. माणसं जमावीत म्हणून खाजगी पैशाने बांधलेल्या या जागा. तिथल्या दारात कोण कोणाला थांबवतं, आणि कोणत्या अधिकाराने, हे जाता-येता बघत राहू या.

इथे थांबतो. थोडा वेळ शिल्लक आहे, प्रश्न असतील तर जरूर विचारा.